गुंडूचा उपवास

सुलभाताई घाबरट होत्या आणि ते त्या कधी लपवत नसत. घरात एक तरी माणूस घाबरणारं असावं, नाहीतर घर सांभाळणार कोण, असं त्यांचं म्हणणं. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं आणि जिन्याच्या पहिल्या वळणावरून परत येऊन पुन्हा ओढायचं. कुकरची शिट्टी जरा लांबली की ओट्यापासून दूर होऊन दाराआडून बघायचं. मुलगी वल्लरी आयटीत होती, बेळ्ळंदूरला राहायची. तिचा फोन अवेळी आला की यांचा पहिला प्रश्न "काय झालं?" आणि तिने "काही नाही" म्हटलं की दुसरा, "खरं सांग."

त्यांचे यजमान विद्याधरराव विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी पंखांवरच्या बारीक भेगा शोधल्या. "मला यंत्र लावून जी भेग दिसायची नाही ती हिला नुसत्या डोळ्यांनी दिसते," ते पाहुण्यांना सांगत. "आता ती भेग तिथे असतेच असं नाही, तो भाग वेगळा."

सांगली सोडून बेंगळुरूत मारतहळ्ळीकडे येऊन राहिले तेव्हा घरामागे नाचणीचं शेत होतं. त्याच्या जागी आता काचेच्या इमारती आल्या होत्या आणि सुलभाताईंच्या मराठीत कानडी मुरलं होतं. भाजीवाली धनलक्ष्मी त्यांना 'सुलभक्का' म्हणायची आणि त्या तिच्याशी "स्वल्प कमी कर गं" म्हणून घासाघीस करायच्या. बाकी घर होतं तसंच राहिलं. ओट्याच्या कडेला देव, कांदा-लसूण चातुर्मास सोडून, अंडं कधीच नाही.

अशा घरात गुंडू आला. मागच्या बाजूला भांडी-कपड्यांची जी उघडी जागा असते, जिला सगळं बेंगळुरू युटिलिटी म्हणतं, तिथे वॉशिंग मशीनच्या मागे एकदा काहीतरी केकाटायला लागलं. सुलभाताईंना तो साप वाटला. साप केकाटत नाही हे बाहेर गेलेल्या विद्याधररावांनी फोनवर पटवून दिल्यावर त्यांनी केरसुणीच्या दांड्याने दुधाची वाटी आत सरकवली. महिन्याभरात ते मांजराचं पिल्लू त्यांच्या साडीच्या निऱ्यांवर झोपायला लागलं. धनलक्ष्मी त्याला बघून म्हणाली, "एष्टु गुंडगिदे!" किती गोल आहे. तेच नाव पडलं.

गुंडू गोलच राहिला. दुपारी दहीभात, रात्री तूपभात, आणि मधल्या वेळी पिशवीतली कोरडी तपकिरी बिस्किटं. पिशवीवर मांजराचं चित्र होतं. आत काय असतं ते सुलभाताईंनी कधी वाचलं नाही. बिस्किटांना वास होता, पण बिस्किटांसारखी दिसत होती, तेवढ्यावर त्यांनी भागवून घेतलं.

तो जास्त पाणी पितो आहे हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. आधी वाटी, मग कुंडीखालची ताटली, मग बादलीत डोकं घालून. विद्याधरराव म्हणाले, उन्हाळा आहे. पण असं पाणी पिणारा माणूस सुलभाताईंनी पाहिला होता. त्यांचे नानाकाका रात्री तांब्या तोंडाला लावायचे तो खाली ठेवायचे नाहीत. पुढे त्यांच्या पायाला जखम झाली. मिरजेच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा धोतराची एक बाजू रिकामी होती. सुलभाताई तेव्हा परकरात होत्या. त्या बाजूला बघायचं नाही असं आईने बजावलं होतं, म्हणून त्यांनी फक्त तेवढंच बघितलं होतं.

इंदिरानगरच्या प्राण्यांच्या डॉक्टर निवेदिता मूळच्या धारवाडच्या, मराठी बरं बोलायच्या. त्यांनी गुंडूचं रक्त घेतलं, लघवी तपासली.

"आंटी, शुगर आहे," त्या म्हणाल्या. "फार वाढलेली नाही. मांजर इथे येऊन घाबरलं तरी थोडी वाढते. पण वजन बघा याचं. आधी खाणं बदलू या. कोरडं बंद. भात बंद. ग्रेन-फ्री, वेट फूड द्या. थोड्या दिवसांनी परत बघू, नाही उतरली तर इंजेक्शन."

इंजेक्शन हा शब्द ऐकून सुलभाताईंनी टेबलाची कड धरली. "म्हणजे धान्य अजिबात नको?"

"अजिबात नको."

डॉक्टरांनी फोनवर कसल्याशा डब्याचं चित्रही दाखवलं. त्यावर मासा होता. सुलभाताईंनी मान डोलवली आणि चित्राकडे पाहिलं. पण मटणाच्या दुकानावरून जाताना त्या ज्या नजरेने रस्त्याकडे बघत, त्या नजरेने. दिसलं, आणि दिसलं नाही.

धान्य नको. रिक्षात बसल्यावर हे दोन शब्द डोक्यात घोळत राहिले आणि हळूहळू त्यांना धीर आला. कारण धान्य नको म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. लग्न होऊन आल्यापासून एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र, काही चुकवलं नव्हतं. ओट्यावरच्या फळीवर उपासाचे डबे वेगळे होते: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. त्या फळीला गव्हाचा हात लागू द्यायच्या नाहीत. डाव वेगळा, पातेली वेगळी. डॉक्टर जे ग्रेन-फ्री म्हणते ते या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्याला इंग्रजी नाव मिळालंय इतकंच, असं त्यांना वाटलं. आणि वेट म्हणजे ओलं. ओलं तर ओलं. मऊ शिजवू, वरून तूप सोडू.

वल्लरीचा फोन आला. "आई, मी ऑर्डर करू का? ॲपवर खूप ऑप्शन्स आहेत."

"काही नको. घरात आहे सगळं."

"घरात? ग्रेन-फ्री?"

"मग काय तर. तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

"काय बोलतेस तू... बरं, माझा कॉल सुरू झाला, नंतर बोलते." नंतर बोलायचं राहून गेलं. बेळ्ळंदूरच्या माणसाचं नंतर कधी येत नाही.

गुंडूने उकडलेलं रताळं आधी नाकारलं. तूप आणि चमचाभर सायीचं दही घातल्यावर चाटलं. साबुदाणा मिरचीशिवाय, दाण्याचं कूट अगदी बारीक करून. राजगिऱ्याची लापशी. सुलभाताईंनी एवढ्या निगुतीने नवऱ्यासाठीही कधी केलं नव्हतं, आणि नवऱ्याने ते बोलूनही दाखवलं. "मलाही शुगर होऊ दे आता. निदान लापशी तरी मिळेल."

"अभद्र बोलू नका," त्या म्हणाल्या आणि लाकडाला हात लावला.

पण गुंडू वाळत चालला. आधी त्यांना बरं वाटलं, डॉक्टर म्हणालीच होती वजन कमी करा. मग पाठीचा कणा बोटांना लागायला लागला. पाणी पिणं कमी होईना. रात्री बादलीजवळ लपलप आवाज यायचा आणि सुलभाताई अंथरुणात डोळे उघडे ठेवून तो ऐकत राहायच्या. एका सकाळी त्याने नेहमीसारखी मशीनवर उडी मारली, आणि पुढचे पाय वर पोचले, मागचे पोचलेच नाहीत. तो खाली पडला. उठून चालायला लागला तेव्हा मागचे पाय टाचांसकट जमिनीला टेकत होते, पायांतून सपाता निसटू नयेत म्हणून म्हातारा माणूस फरफटत चालतो तसे.

सुलभाताईंनी हाक मारली. विद्याधररावांनी येऊन पाहिलं. या वेळी ते उन्हाळ्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी चपला घातल्या.

टोपलीत गुंडू एरवी सगळ्या रिंगरोडला ऐकू जाईल असा आरडायचा. आज तो गप्प होता. सिग्नलला रिक्षा थांबली की सुलभाताई झाकणाच्या फटीतून बोट आत घालायच्या, आणि बोटाला श्वास लागला की परत सरळ बसायच्या. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. "मगु आहे का आत, अम्मा?" त्याने विचारलं. लेकरू आहे का.

"हौदु," विद्याधरराव म्हणाले. होय.

डॉक्टर निवेदितांनी तपासून झाल्यावर गुंडूच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "शुगर खूप वर गेलीय. मागचे पाय त्याच्यामुळेच. आंटी, खायला काय देता?"

एवढा एकच प्रश्न सुलभाताईंच्या तयारीतला होता. त्या सावरून बसल्या. "धान्याचा कण गेलेला नाही त्याच्या पोटात."

"गुड. कुठली कंपनी?"

"कंपनी कशाला? घरचंच. साबुदाणा, रताळं, राजगिऱ्याची लापशी. आम्ही संकष्टीला करतो ते सगळं. तूप सोडून, ओलंच."

डॉक्टरांनी गुंडूच्या पाठीवरचा हात काढला.

"आंटी, परत सांगा."

सुलभाताईंनी परत सांगितलं. या वेळी आवाज खाली गेला होता. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण चुकलं हे कळलं होतं.

"आणि मासा? चिकन? अंडं?"

"नाही हो. आमच्यात नाही करत."

"तुमच्यात नाही," डॉक्टर म्हणाल्या. रागावून नाही, पण एकेक शब्द सुटा करून. "याच्यात करतात. हे मांजर आहे, आंटी. हे मांसावरच जगतं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. रताळं तेच, बटाटा तेच. पोटात गेलं की त्याची साखरच. भातात तरी थोडं काही असतं. धान्य नको म्हटलं ते स्टार्च नको म्हणून. तुम्ही धान्य काढलं आणि त्याच्या दुप्पट स्टार्च घातला."

सुलभाताईंना समोरची भिंत दिसेनाशी झाली. सांगलीचं स्वयंपाकघर दिसलं. नानाकाकांना भात बंद होता. काकू त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी डोंगराएवढी वाढायची. "खा हो पोटभर, हा काही भात नाही." काका खायचे, आणि वर तांब्याभर पाणी प्यायचे. घरातलं कुणी काही बोललं नव्हतं, कारण घरात कुणाला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती खिचडी त्यांच्या आठवणीत प्रेमाची म्हणून होती.

"मरेल का?" त्यांनी विचारलं.

"आज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला हे कळलं ते बरं झालं. आत्ताच्या शुगरवर बेतून मी इन्सुलिनचा मोठा डोस लिहिणार होते. तुम्ही पुढे खाणं बदललं असतं तर तेवढ्या डोसने शुगर धाडकन खाली आली असती. आता छोट्यापासून सुरू करू. आज संध्याकाळपासून योग्य डबा द्या. उद्या सकाळी घेऊन या, पहिलं इंजेक्शन मी देते आणि तुम्हाला शिकवते. पण एक ऐका. खाल्लं तरच इंजेक्शन. रिकाम्या पोटी देता येत नाही."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

डॉक्टरांनी विद्याधररावांकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "जाडं मांजर एक-दोन दिवस उपाशी राहिलं की लिव्हर बसतं. मग ॲडमिट करून नळीने भरवावं लागतं. सगळी मांजरं त्यातून उठत नाहीत. आज काहीतरी पोटात जाऊ दे. कोमट करून द्या, वास सुटला पाहिजे. नाहीच हुंगलं तर बोटावर घेऊन ओठाला लावा. खायला लागला आणि शुगर उतरली तर काहींचं इंजेक्शन सुटतंसुद्धा."

निघताना त्यांनी डब्याबद्दल सांगितलं. पुढचं चित्र आणि मोठी अक्षरं बघू नका, मागची बारीक वाचा. पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं हवं. पूर्ण आहार असं लिहिलेलं हवं, नाहीतर ते फक्त खाऊ असतं, त्याच्यावर मांजर जगत नाही. आणि ग्रेन-फ्री लिहिलंय म्हणून लगेच उचलू नका.

दुकान पलीकडच्याच गल्लीत होतं. गल्ल्यावरच्या नागराजने भिंतभर मांडलेल्या डब्यांकडे हात केला. "एल्ला ओळ्ळेदे, अम्मा." सगळं चांगलंच. त्याने हिरव्या अक्षरांत ग्रेन-फ्री छापलेलं एक पाकीट पुढे केलं. "हे फास्ट जातं."

विद्याधररावांनी चष्मा कपाळावर चढवून पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "चिकन, बरं. वाटाणा. बटाटा. टॅपिओका." ते थांबले. "टॅपिओका म्हणजे काय हो?"

"मरगेणसु, सर. तो कंद असतो बघा, जमिनीतला."

"अरे, याचाच तर साबुदाणा करतात." त्यांनी पाकीट बायकोपुढे धरलं. "बघ. ही कंपनीसुद्धा संकष्टी धरते."

एरवी त्या रागावल्या तरी असत्या. आज त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि स्वतः वाचलं. अक्षरं मुंगीएवढी होती. चिकन या शब्दावरून डोळे सरकून पुढे जायला बघत होते. त्यांनी ते परत तिथे आणले. मग ते पाकीट ठेवून दुसरं घेतलं. त्यात गव्हाचं ग्लुटेन होतं. तिसऱ्या डब्यात नुसता मासा आणि पाणी, पण कोपऱ्यात लिहिलं होतं, पूरक आहार. "हा खाऊ," त्या म्हणाल्या आणि ठेवून दिला. चौथा. पाचवा. मासा, चिकन, काळीज, हृदय. हे सगळे शब्द त्यांनी इतक्या वर्षांत कधी सलग उच्चारले नव्हते. आता त्या दुकानात उभ्या राहून पुटपुटत होत्या, आणि चुकून एखादा वाचायचा राहिला तर, या धास्तीने पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या.

"अम्मा, मांजर माझं पण आहे घरी," नागराज म्हणाला. "एवढं कोणी बघत नाही."

"तुझं बघ मग आता," त्या म्हणाल्या.

शेवटी एक बुटका डबा ठरला. पहिलं नाव माशाचं, दुसरं चिकनचं, बटाटा-कंद काही नाही, पूर्ण आहार असं स्पष्ट. ओलावा, प्रथिनं, चरबी आणि राख, म्हणजे क्षार, शंभरातून वजा केली की उरतो तो साधारण स्टार्च, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. विद्याधररावांनी तोंडी वजाबाकी केली, मग खात्रीसाठी फोनवर केली. उरलं ते अगदीच थोडं होतं. "पास," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कारखान्यातला सूर आला.

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. डबा ओट्यावर नको, एवढं सुलभाताईंनी दारातूनच सांगितलं. विद्याधररावांनी तो युटिलिटीत नेला, कडी ओढून उघडला. वास भिंतीला धडकून घरभर आला. सुलभाताईंनी पदर नाकाला लावला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. विद्याधररावांनी डबाच गरम पाण्यात ठेवून ते कोमट केलं, चमच्याने ताटलीत काढलं, गुंडूपुढे सरकवलं.

गुंडू आला. हुंगलं. मग पुढच्या पंजाने ताटलीभोवतीची फरशी खरवडायला लागला. डावीकडून, उजवीकडून. माती ओढून झाकावं तसं.

"हे काय करतोय?" विद्याधररावांनी विचारलं.

"पुरतोय," सुलभाताई म्हणाल्या.

इतके दिवस तूप आणि लापशी. त्याला आता हे अन्न वाटतच नव्हतं. मांजराला मासा अन्न वाटू नये, एवढं आपण केलं. विद्याधररावांनी ताटली बदलली, जागा बदलली, बोटावर घेऊन पुढे धरलं. गुंडू त्यांच्याकडे पाठ करून मशीनच्या मागे जाऊन बसला. तिथून नुसते डोळे दिसत होते. थोड्या वेळाने त्याने तेही मिटले.

"राहू दे थोडा वेळ. भूक लागली की खाईल," ते म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणाली ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण जबरदस्ती करून..."

"उद्या सकाळी मी तिला काय सांगू? खाल्लं नाही म्हणून? मग ती नळी घालणार. नळी घातलेलं मांजर बघितलंत कधी?" त्यांनीही बघितलं नव्हतं. पण बघितल्यासारखं स्पष्ट दिसत होतं, आणि त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला एक रिकामं धोतर होतं.

वल्लरीचा फोन वाजला. विद्याधररावांनी उचलला, बाहेरच्या खोलीत नेला. "नाही गं, आई जरा कामात आहे," असं ऐकू आलं. मग, "साबुदाणा. हो. नाही, चेष्टा नाही करत. तिला आत्ता काही बोलू नकोस."

सुलभाताईंनी पदर कमरेला खोचला आणि उंबरा ओलांडला.

मशीनशेजारी फरशीवर बसायला त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागला. डबा पुढ्यात होता. आत गुलाबीसर, ओलसर, काहीतरी तंतुमय. त्यांनी चमचा शोधला, चमचा घरात राहिला होता. उठून आणायला गेलं तर परत येऊन बसवणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन बोटं आत घातली.

ते कोमट होतं. हे सगळ्यात वाईट. थंड असतं तर वस्तू वाटली असती.

"गुंडू," त्या म्हणाल्या. "बाळा, इकडे ये."

डोळे उघडले. त्यांनी हात मशीनच्या मागे लांबवला. खांद्यात कळ आली. बोटं त्याच्या ओठांना लागली, त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावली. त्याने मान मागे घेतली आणि लांब जिभेने ओठ पुसले, जणू घाण पुसतोय. थोडं जिभेवर गेलं असणार. त्यांनी श्वास धरला. काहीच झालं नाही. त्याने परत डोळे मिटले.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. शेजारून घंटेचा आवाज आला.

"अगं, देवाला दिवा?" विद्याधरराव दारातून म्हणाले.

"तुम्ही लावा."

"काडेपेटी कुठे असते?"

"जिथे असते तिथे." मग त्यांना दया आली. "हळदीकुंकवाच्या करंड्यामागे. आणि आत येऊ नका. आलात की तो उठेल."

त्यांनी पुन्हा बोटं भरली. थोडं फरशीवर सांडलं, थोडं मनगटावरून बांगड्यांपर्यंत गेलं. पुसायचं काही उरलं नव्हतं. त्या आता नुसत्या बोलत राहिल्या, कशाबद्दलही. धनलक्ष्मीने आज शेपू महाग दिला. रिक्षावाल्याने तुला मगु म्हटलं. मला कळलं नाही रे. मला वाटलं मी बरोबर करते आहे. तू खात होतास, मला वाटलं तुला आवडतंय. तुला तूप आवडत होतं. त्या तुपाखाली मी काय घालते ते तुला काय माहीत.

गुंडूने बोट हुंगलं. सरळ नाही, बाजूने, मिशा मागे घेऊन. त्यांनी हात हलवला नाही. खांदा भरून आला, तरी हलवला नाही. मग त्या बोटावरून खरखरीत काहीतरी एकदाच गेलं. थांबलं. परत गेलं.

सुलभाताईंना वाटलं आपल्यालाच भास झाला. त्यांनी खाली पाहिलं नाही. बघतोय असं कळलं तर हा थांबेल, म्हणून त्या समोरच्या भिंतीवरच्या नळाकडे बघत राहिल्या. बोटं रिकामी झाली तसं त्यांनी ती अगदी सावकाश मागे घेतली, डब्यात बुडवली, परत नेली. या वेळी तोंड फिरलं नाही. दात बोटाला लागले. तिसऱ्यांदा हात परत आणेपर्यंत गुंडूचं डोकं मशीनच्या मागून अर्धं बाहेर आलं होतं.

विद्याधरराव दिवा लावून दारात आले. त्यांनी भुवया उंचावल्या. सुलभाताईंनी मान हलवली, अगदी थोडी.

"किती खाल्लं?" ते कुजबुजले.

"बोलू नका."

"पुरे का? डॉक्टर म्हणाली काहीतरी पोटात जाऊ दे..."

"बोलू नका म्हटलं ना."

अजून अर्ध्याहून अधिक डबा बाकी होता. पाय सुन्न झाले होते, माशाचा वास केसांपर्यंत चढला होता. आता ताटली पुढे ठेवून उठावं, तो आपणहून खाईल, असं एक मन म्हणत होतं. पण उठलं आणि तो थांबला तर? ताटली बघून त्याने पुन्हा फरशी खरवडायला घेतली तर? त्यांनी बोटं पुन्हा डब्यात घातली आणि आधीच्यापेक्षा मोठा घास काढला.